सरावाचं पापनिवेदन

वसईला परतल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "अजिंठा पाहिलात का?" नाही पाहिला. वेरूळही नाही. रिक्षातून लांबवर एक घुमट दिसला, तो मकबऱ्याचा होता की पाण्याच्या टाकीचा, हेही मला खात्रीनं सांगता येणार नाही. छत्रपती संभाजीनगरला जाऊन लेणी न पाहता आलो म्हणून मी आतापर्यंत शेजाऱ्यांची, साडूची आणि एकदा बसच्या कंडक्टरची माफी मागितली आहे. मी तिथं गेलो होतो ते फादर कसे घडवतात ते पाहायला.

झालं असं, की तिकडच्या बिशपांना त्यांच्या सेमिनरीची तपासणी बाहेरच्या माणसांकडून करून घ्यायची होती. एक सिस्टर ठरल्या होत्या, आणि एक प्रापंचिक माणूस हवा होता: लग्न झालेला, रविवारी न चुकता चर्चमध्ये मिस्सेला जाणारा आणि शक्य तर कोणाशी भांडण नसलेला. आमच्या फादरांनी माझं नाव सुचवलं. मला वाटतं, चार दिवस मी गावाबाहेर राहीन हाही विचार त्यात असावा. शनिवारी पापनिवेदनाच्या रांगेत मी दिसलो की ते आधी घड्याळाकडे पाहतात.

बायकोला, म्हणजे रेजिनाला, हसू आवरेना. "तुम्ही तपासणी करणार? मुलाला शून्य मार्क दिले तर त्याच्या आईला घरी जाऊन सॉरी म्हणता तुम्ही." ते खरं आहे. मी शाळेत उपमुख्याध्यापक आहे आणि माझ्या हातून नापास झालेल्या मुलांच्या घरी मी बराच चहा प्यालो आहे. तिनं पिशवीत सुकेळ्यांची, म्हणजे आमच्याकडच्या वाळवलेल्या केळ्यांची, दोन पुडकी घातली आणि बजावलं, "तिथं निदान जेवणाबद्दल तरी माफी मागू नका."

शनिवार

गाडीच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. मधल्या बर्थवर मी रात्रभर घोरलो, असं खालच्या गृहस्थांनी सकाळी सांगितलं.

स्टेशनवर रिक्षावाल्याला पत्ता सांगायला लागलो तर तो म्हणाला, "वो पादरियों का कॉलेज ना? वाळूज के आगे. मालूम है चचा, बैठो." वाटेत त्यानं मला सेमिनरीची पहिली माहिती दिली. "वां के पोट्टे क्रिकेट मस्त खेलते. पन एक खराबी है. आउट हुए तो खुदीच निकल जाते. अंपायर कू बोलनाच नै पडता. ऐसा कौन खेलता जी?"

कारखान्यांची रांग संपली, बजाजनगरच्या चाळी मागे पडल्या, आणि काळ्या रानात एक लांबट दुमजली इमारत दिसली. आमच्याकडे चर्च म्हटलं की माड, केळी, विहीर आणि समोर मासळीवाली. इथं कपाशी, बाभळी आणि असं आभाळ, की आपल्या डोक्यावर कोणी लक्ष ठेवून आहे असं वाटावं. मला ते घरच्यासारखंच वाटलं.

सेमिनरी घंटेवर चालते. उठायची घंटा, प्रार्थनेची, तासाची, झाडलोटीची, गप्प बसायची आणि बोलायला परवानगी असल्याची. फोन रविवारी दुपारी मिळतो. जेवताना पहिला अर्धा भाग कोणी बोलत नाही. एक विद्यार्थी उभा राहून संताचं चरित्र वाचतो. त्या दुपारी एका संतानं चाळीस दिवस काही खाल्लं नाही असं वाचन चालू होतं आणि नेमका तेव्हाच माझ्या हातून आमटीचा डाव पडला. सगळ्यांनी पाहिलं. संतानंसुद्धा पाहिलं असावं.

स्वयंपाक शेवंताबाईंच्या हातचा. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. तिसरी भाकरी घ्यावी तर हावरटपणा, नाकारावी तर त्या माउलीचा अपमान. मी ताटाकडे बघत बसलो.

"घ्या की, सर," शेवंताबाई म्हणाल्या. "एवढा इचार तर फादर लोकं बी करत नायत."

शेजारी सिस्टर फिलोमिना बसल्या होत्या, माझ्याबरोबरच्या दुसऱ्या परीक्षक. त्या समुपदेशन शिकवतात आणि समोरच्याकडे चष्म्याच्या वरून पाहतात. "सर, भाकरीचा निर्णय आजच घ्या," त्या म्हणाल्या. "विद्यार्थ्यांचे उद्या घेऊ."

पण तो निर्णयही त्याच संध्याकाळी समोर आला. रेक्टर फादर बेनेडिक्ट हे अतिशय सज्जन गृहस्थ. त्यांनी आम्हाला स्वतःच्या हातानं चहा करून दिला आणि सांगितलं की बाकीचं काम नेहमीचंच आहे, पण शेवटच्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याबद्दल बिशपांना आमचं मत हवं आहे. त्याला या नाताळाआधी डीकन करायचं की वर्षभर थांबवायचं? डीकन झाला की पुढच्या वर्षी फादर. थांबवला, तर असे थांबवलेले पुष्कळदा परत येत नाहीत.

"ब्रदर रावसाहेब," ते म्हणाले. "मुलगा चांगला आहे. पण प्रवचनात गावाकडचं बोलतो. तत्त्वज्ञानात रडतखडत पास. आणि अधूनमधून नियम मोडतो. विचारलं तर हसतो."

नाव ऐकून मलाही हसू आलं, ते मी चहात लपवलं. आमच्याकडे फादर म्हणजे डॉमनिक, मॅन्युएल, फ्रान्सिस. इकडच्या ख्रिस्ती घरांत बाप्तिस्म्याचं नाव वहीत राहतं आणि हाक मारायला कचरू, भाऊसाहेब, रावसाहेब.

"तुमचं प्राथमिक मत?" रेक्टरांनी विचारलं.

सिस्टर म्हणाल्या, "माणूस पाहिल्याशिवाय मी बोलत नाही."

आता दोघांनीही नकार दिला तर या भल्या माणसाला काय वाटेल? चहा इतका चांगला होता. मी म्हणालो, "एक वर्ष थांबवायला हरकत नसावी."

रविवार

रविवारी विद्यार्थी आसपासच्या वस्त्यांत जातात. कुठं प्रार्थना घेतात, कुठं आजाऱ्याला भेटतात. मी कोणाबरोबर जायचं हे सिस्टरांनी ठरवलं, आणि चष्म्यावरून पाहत ठरवलं. सकाळी मिस्सेनंतर फाटकात एक काळासावळा, रुंद खांद्यांचा तरुण जुनी मोटारसायकल घेऊन उभा होता.

"मी रावसाहेब, सर. घट्ट धरून बसा. ह्या गाडीला ब्रेक हाय, पण तिच्या मनावर हाय."

तो देवगाव रंगारीचा. घरी कोरडवाहू तुकडा आणि मेंढरं. सेमिनरीच्या दिवाणखान्यात कोकरू खांद्यावर घेतलेल्या येशूचं मोठं चित्र आहे, ते मी त्याला आवडतं का विचारलं. "कोकरू बरोबर धरलंय," तो म्हणाला. "पण झगा लई पांढरा हाय. मेंढरामागं जाणाऱ्याची कापडं अशी ऱ्हात नसत्यात."

बजाजनगरात एका कामगाराच्या खोलीत आम्ही गेलो. एकच खोली, मधोमध पडदा. पडद्यापलीकडे नवरा रात्रपाळी करून झोपलेला, अलीकडे त्याची बायको मंगल लसूण सोलत बसलेली. मी वसईचा आहे हे कळताच तिनं मुद्दाम बाजारातून सुकट आणवली. माझ्याच किनाऱ्यावरची मासळी एवढा प्रवास करून माझ्याआधी तिथं पोचली होती, आणि माझ्यापेक्षाही दमलेली होती. मी ती संपवली आणि वर छान आहे म्हणालो. खोटं बोललो, हे तेव्हाच मनात नोंदवून ठेवलं.

मंगलनं रावसाहेबापुढं नवऱ्याचं गाऱ्हाणं मांडलं. तो घरात बोलत नाही, सुट्टीच्या दिवशी मित्रांकडे जातो, पोरीच्या शाळेत एकदाही आलेला नाही. रावसाहेब तिच्यासमोर बसून लसूण सोलत होता. हं म्हणत होता, मधूनच "मग?" विचारत होता. मी वाट पाहत राहिलो, की आता हा काहीतरी सांगेल. बायबलमधलं एखादं वाक्य तरी. लसूण संपला. त्यानं हात धुतले, छोटी प्रार्थना म्हटली आणि निघाला.

बाहेर आल्यावर मी शिक्षकासारखा म्हणालो, "ब्रदर, तिला काही सल्ला द्यायला हवा होता."

"तिला सल्ला कुठं पाहिजे व्हता, सर? तिला नवऱ्याला ऐकवायचं व्हतं. तो पडद्यामागं जागाच व्हता की."

"कशावरून?"

"तिनं पोरीच्या शाळेचं काढलं, तवा त्याचं घोरणं थांबलं."

मी त्या खोलीत तासभर बसलो होतो. मला फक्त सुकट कळली.

परतताना रसवंतीवर थांबलो. त्यानं ग्लास बाकावर ठेवला. मग म्हणाला, "सर, माझ्याबद्दल ठरायचंय, मला ठाऊक हाय. हो म्हणा असं नाय म्हणत. पण ठरलं की लवकर सांगा. आईनं गावात सांगून टाकलंय. मांडववाल्याला बी बोलून बसली. थांबायचं असंल तर मी थांबीन, तिला आधी समजवावं लागंल. ती मेंढरं इकून मला इथं ठेवती."

तुमच्याविरुद्ध मी कालच मत दिलं आहे, हे मला त्याला सांगता आलं नाही. मी उसाच्या रसाचे पैसे दिले, जणू तेवढ्यानं भागणार होतं.

सोमवार

आता मूळ गोष्टीकडे येतो.

शेवटच्या वर्षाला पापनिवेदन ऐकण्याचा सराव असतो. आम्ही डी.एड.ला सराव पाठ घेत असू तसाच. वर्गात एका खुर्चीवर विद्यार्थी गळ्यात जांभळा पट्टा घालून बसतो, शेजारी जाळीची फळी, पलीकडे गुडघ्यांवर खोटा पापी. पापी बनतात स्वतः रेक्टर, कारण हा विषय तेच शिकवतात. ते मनानं पापं रचतात, विद्यार्थी ऐकतो, दोन शब्द बोलतो, प्रायश्चित्त देतो आणि क्षमेचे शब्द म्हणून दाखवतो. त्याला अजून अधिकार नसतो, म्हणून ते शब्द फक्त पाठांतर.

घोटाळा असा, की फादर बेनेडिक्टांची पापं वर्षानुवर्षं तीच आहेत. कंपनीतून सामान उचलणारा कामगार, आणि सासूशी भांडणारी सून. सुनेची पापं ते आपल्या भरदार आवाजात सांगतात. आधीच्या तुकडीनं पुढच्या तुकडीला दोन्हींची उत्तरं देऊन ठेवलेली असतात. आमच्या सराव पाठालाही मुलांना उत्तरं आधीच पढवलेली असत आणि तपासनीस खूश होऊन जात. मला मनापासून घरी आल्यासारखं वाटलं.

सून दुसऱ्यांदा रडून झाली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "फादर, आज पाहुणे आहेत. सरांनाच गुडघ्यांवर बसवा की. नवी पापं मिळतील."

रेक्टरांना कल्पना फारच आवडली. "या सर. काहीही रचा."

मी आयुष्यात पाप रचलेलं नाही. खरीच एवढी असतात, की वेळ मिळत नाही. पहिला विद्यार्थी वर्गातला सर्वांत हुशार, ब्रदर मायकल. मी गुडघे टेकून सुरुवात केली, "मी शेजाऱ्याला मारलं." लगेच आमचा शेजारी, बिचारा, रोज माझं वर्तमानपत्र उचलून ठेवणारा, डोळ्यांसमोर आला. "म्हणजे मारलं नाही. मारणारही नाही. तो फार चांगला माणूस आहे." वर्गात हशा फुटला. ब्रदर मायकल डगमगला नाही. त्यानं गंभीरपणे मला सांगितलं, की सासूला आईसारखं मानावं.

मग रावसाहेब खुर्चीवर बसला.

मी सुकेळी चोरल्याचं पाप ठरवून ठेवलं होतं. सोपं आणि कोणाला न दुखावणारं. पण गुडघे टेकले, जाळीपलीकडे तो जांभळा पट्टा दिसला, आणि लहानपणापासूनची सवय माझ्या विचाराआधी बोलायला लागली.

"परवा संध्याकाळी मी एका माणसाला न भेटताच त्याच्याविरुद्ध मत दिलं. विचारणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून. काल त्या माणसाबरोबर दिवसभर फिरलो, त्याच्या आईबद्दल ऐकलं, आणि त्याला सांगायची हिंमत झाली नाही."

वर्गातलं हसणं एकेका बाकावर विझत गेलं. रेक्टरांनी खोकून घसा साफ केला. मला कळलं की मी काय केलं, पण शब्द काही परत घेता येत नाहीत.

जाळीपलीकडून हळू आवाज आला. "सर, हे खरं हाय का रचलेलं?"

"खरं आहे."

"मग थांबा. पुढं एक शब्द नका बोलू." तो उठला. पट्टा गळ्यातून काढून त्यानं खुर्चीच्या पाठीवर ठेवला. "फादर, हे खरं पापनिवेदन हाय. मला ऐकायचा अधिकार नाय. मी थांबतो."

"ब्रदर, सराव पूर्ण करा," रेक्टर म्हणाले. "मार्क जातील."

"जाऊ द्या, फादर." तो बाकांकडे वळला. "चला रे, भाईर. जे ऐकलं ते इथंच ठेवा." सगळे मुकाट उठले, हुशार मायकलसुद्धा. मग त्यानं हात देऊन मला उभं केलं. "वर फादर अँथनी हायत. म्हातारे हायत, पण खरे फादर हायत. त्यांच्याकडं जा."

"रावसाहेब, तुम्ही स्वतः मला काही म्हणाल का?"

तो पहिल्यांदाच हसत नव्हता. "आत्ता नाय, सर. आत्ता मी काय बी बोललो तरी पास व्हायला बोलल्यासारखं व्हईल."

फादर अँथनी वरच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत राहतात. फार वृद्ध आहेत आणि त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही, हे मला तिथं गुडघे टेकल्यावर कळलं.

"मोठ्यानं!" ते म्हणाले.

मी मोठ्यानं सांगितलं.

"काय उचललं?"

"मत दिलं, फादर! मत!"

माझं पाप व्हरांड्यातून जिन्याखाली जात असलं पाहिजे, कारण एकाएकी खालून गाणं सुरू झालं. आधी रावसाहेबाचा एकट्याचा रांगडा आवाज, मग सगळ्यांचे. मारियामातेचं गीत, टाळ्यांसकट, लग्नाच्या वरातीत म्हणावं तसं. प्रार्थनेची वेळ नव्हती आणि घंटाही झाली नव्हती. मी बोलत होतो तोवर ते गात राहिले. सुकटीबद्दलचं खोटंही मी त्या गाण्याच्या आडोशानं सांगून टाकलं.

म्हातारबाबांनी सगळं ऐकून डोळे मिटले. मग त्या वयात कुठून येतो कळत नाही अशा आवाजात त्यांनी प्रायश्चित्त सांगितलं, "आज दिवस बुडेपर्यंत कोणाचीही माफी मागायची नाही! कोणाचीही! समजलं?"

गुडघ्यांवर तासभर जप चालला असता मला.

दुपारी रेक्टरांच्या खोलीत शेवटची बैठक झाली. जाताना मी दाराला धडकलो आणि दाराला सॉरी म्हणायचं गिळलं. चहा पुन्हा चांगला होता. फादर बेनेडिक्ट म्हणाले, "सरावात मला त्याला शून्य द्यावं लागणार. क्षमेचे शब्द म्हटलेच नाहीत."

एरवी मी सुरुवात केली असती, "माफ करा फादर, कदाचित माझंच चुकत असेल." ती वाट आज बंद होती. वाक्य कुठून सुरू करतात तेच मला आठवेना. शेवटी म्हणालो, "परवाचं माझं मत चुकीचं होतं. ते मी मागे घेतो. सरावात ज्यांनी शब्द बरोबर म्हटले त्यांनी मला सासूबद्दल सांगितलं. यानं मात्र मी खरं बोलतोय की खोटं हे ओळखलं, आपला अधिकार कुठं संपतो ते ओळखलं, आणि मार्क सोडले. फादर व्हायला आणखी काय लागतं ते मला माहीत नाही. त्याला थांबवू नये."

कोणाला काही वाटेल याची काळजी करायला मी थांबलो नाही. नंतर केली.

सिस्टर म्हणाल्या, "मी माणूस पाहिला. माझंही हेच मत."

फादर बेनेडिक्ट खिडकीतून खाली पाहत होते. अंगणात झाडलोट चालू होती. भला माणूस, आणि प्रामाणिकही. "आणि गाणं," ते स्वतःशीच म्हणाले. "घंटा नसताना गाणं. हाही नियम मोडलाच." मग त्यांच्या खांद्यांना हसण्यानं हिसके बसायला लागले. "शून्य तसंच राहील. पण बिशपांना आपण तिघंही होच कळवू. उद्या सकाळी मीच त्याला सांगतो. तोवर कोणी बोलायचं नाही."

निरोपाला शेवंताबाईंनी भाकरी आणि ठेचा बांधून दिला. मी न विचारता, न संकोचता घेतला. त्या जरा चरकल्याच. "सर, बरं वाटत नाय का?"

स्टेशनवर सोडायला रावसाहेब आला. वाळूजच्या रस्त्यावर पाळी सुटलेली, सायकली आणि कंपन्यांच्या बसगाड्या, आणि आम्ही त्या मनावर ब्रेक असलेल्या गाडीवर. तो कोणत्याच विषयावर काही विचारत नव्हता. त्याला काय मिळालं आहे ते मला माहीत होतं आणि सांगायची मनाई होती. त्याच्या पाठीमागे बसून एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवायची म्हणजे काय ते तेव्हा मला कळलं. यांना तर हे जन्मभर करायचं असतं, लोकांच्या वाईट गोष्टींसकट.

पण दुसरं काहीतरी बोलायला मनाई नव्हती असं मला वाटलं. परवाचं, कालचं, रसवंतीवरचं. मी त्याच्या कानाशी वाकलो. "रावसाहेब, मला माफ—"

"सर!" त्यानं गाडीचा वेग कमी केला. कारखान्यांच्या धुराड्यांमागे सूर्य अजून चांगला हातभर वर होता. त्यानं हनुवटीनं तिकडं दाखवलं. "पाप नाय ऐकलं आम्ही, देवाशपथ. लई मोठ्यानं गात व्हतो. पण प्रायश्चित्त आख्ख्या वाळूजला ऐकू गेलंय. दिवस अजून बुडाला नाय."

मी तोंड मिटलं. तो पुन्हा हसायला लागला आहे, हे मला त्याच्या पाठीवरून कळत होतं. दिवस बुडायच्या आत स्टेशन येऊ नये म्हणून की काय, त्यानं गाडी मुद्दामच हळू चालवली.